पंच क्रमांक एक

वर्गात सगळ्यात मोठ्यानं मी हसले होते, हे आधीच सांगून टाकते. दुसऱ्या कुणी सांगण्यापेक्षा मीच सांगितलेलं बरं.

जालन्याच्या लॉ कॉलेजात फौजदारी प्रक्रियेचा तास होता. सर झडतीचं कलम शिकवत होते. पोलिसांना झडती घ्यायची असेल तर त्या भागातले दोन स्वतंत्र, प्रतिष्ठित रहिवासी सोबत न्यायचे. त्या दोघांनी आपल्या डोळ्यांनी सगळं बघायचं, काय सापडलं ते त्यांच्यासमोर लिहायचं आणि त्यांनी खाली सही करायची. ही माणसं म्हणजे पंच आणि तो कागद म्हणजे पंचनामा. सरांनी आयुष्यभर कोर्टात वकिली केलेली, त्यामुळं कलम वाचून झालं की ते पुस्तक मिटायचे आणि मग खरं शिकवायला लागायचे.

"हे झालं पुस्तकातलं," ते म्हणाले. "आता चौकीतलं ऐका. चौकीसमोर एखादा चहावाला असतो, नाहीतर पानवाला, नाहीतर शिंपी. जमादार कागद घेऊन येतो, हा सही ठोकतो. कुठं गेले, काय सापडलं, याला पत्ता नसतो. उद्या आरोपीचे वकील झालात तर त्या शिंप्याला जास्त काही विचारू नका. एवढंच विचारा, मास्तर, आजवर किती पंचनाम्यांवर सह्या केल्या?"

वर्ग हसला. मी तर बाक वाजवून हसले. शेजारी अंकुशनगरची मैत्रीण बसायची. तिचे वडील साखर कारखान्यात. तिनं हसता हसता सहज विचारलं, "तुझे बाबा टेलरच ना गं?"

"हो."

"अन् दुकान कुठंय?"

"चौकीसमोर," मी म्हणाले.

तिच्या मनात काही नव्हतं बिचारीच्या, पण माझा चेहरा बघून तिनं आपली वही जवळ ओढली आणि लिहायला लागली. सर पुढच्या कलमावर गेले. माझ्या वहीत त्या दिवसाचं पान अजून अर्धंच आहे.

राजूरच्या रस्त्यावर आमचं गाव आहे. नाव घालत नाही, कारण गावात चौकी एकच आहे आणि माणसं अजून तिथंच आहेत. चौकीच्या दारातून थुंकलं तर आमच्या दुकानाच्या पायरीवर पडेल इतकं अंतर. दोन मशिनी, कापायचं एक टेबल, भिंतीला खिळ्यावर लटकवलेले कागदाचे फर्मे. जूनमध्ये शाळेचे गणवेश आणि वर्षभर चौकीतल्या खाकी पँटी. त्या आमच्याकडंच घट्ट-सैल व्हायच्या. जमादाराचं पोट वाढलं की त्यांच्या बायकोच्या आधी आम्हाला कळायचं. बी.ए. झाल्यापासून काज-बटण आणि तुरपाई माझ्याकडं होती. वकिली शिकायचं डोक्यात घेतलं तेव्हा मी अठ्ठावीसची होते आणि नातेवाइकांनी लग्नाचं बोलणंसुद्धा सोडून दिलं होतं. आई म्हणायची, हिच्या नाकावरचा राग बघून कोण येणार. मी म्हणायचे, कोर्टात उपयोगी पडेल.

म्हणजे बघा, सरांनी जे सांगितलं ते मी हजारदा डोळ्यांनी पाहिलं होतं. जमादार रस्ता ओलांडून यायचे. "मास्तर, दोन मिनिटं," म्हणायचे. बाबा कात्री खाली ठेवायचे, हात पुसायचे, चष्मासुद्धा शोधायचे नाहीत, आणि जिथं जमादाराचं बोट असेल तिथं सही करायचे. मी शेजारी बटणं लावत बसलेली असायचे. मला त्यात काही वावगं वाटलं नाही कधी. उलट बरं वाटायचं. हे कबूल करायला मला आजही लाज वाटते.

बाबांची सही बघण्यासारखी होती. पूर्ण नाव, बापाचं नाव, आडनाव, खाली एक लांब रेघ आणि रेघेवर दोन टिंबं. आजोबांचा आयुष्यभर अंगठा. आजोबांच्या काळी गावात काही झालं की सहीसाठी बोलावणं जायचं ते ठरलेल्या चार घरांना. आमच्या दाराशी बोलावणं यायचं ते मेलेलं जनावर ओढायला. मग आजोबा बौद्ध झाले, ते काम सोडलं, त्यापायी मारही खाल्ला आणि बाबांना शाळेत घातलं. बाबा सातवी शिकले, शिवण शिकले, चौकीसमोर जागा मिळवली. आणि एके दिवशी खाकीतला माणूस दारात येऊन म्हणाला, मास्तर, तुमची सही पाहिजे. त्या दिवशी बाबांनी घरी येऊन आईला ते दोनदा सांगितलं होतं, असं आई सांगते.

आता अशा माणसाला मी कुठल्या तोंडानं सांगणार होते की जालन्यात एक अख्खा वर्ग तुमच्यावर हसला, आणि त्यात मी पण होते?

नाही सांगितलं. मी सांगितलं फक्त कलम. संध्याकाळी बटणं लावता लावता म्हणाले, "बाबा, कायद्यात पंचाला प्रतिष्ठित रहिवासी म्हणतात."

"मंग?" बाबा म्हणाले. "बराबर हाय."

"पण त्यानं सगळं समोर उभं राहून बघावं लागतं."

बाबांनी मशीन थांबवली नाही. "जमादार बघतो ना. मला दुकान हाय," ते म्हणाले. विषय संपला. मी पण ताणला नाही. वाटलं, जुन्या गोष्टी आहेत, कशाला उकरा.

पंधरा दिवसांनी समन्स आलं.

अडीच-तीन वर्षांपूर्वीची केस होती. विहिरीवरची पाण्याची मोटार चोरीला गेलेली आणि आरोपी म्हणून मोटारी दुरुस्त करणारा, वायंडिंगवाला एक माणूस धरलेला. बाबा पंच क्रमांक एक. पंच क्रमांक दोन चौकीशेजारचा चहावाला, तो वर्षापूर्वीच वारला होता. जमादारांनी समन्ससोबत पंचनाम्याची झेरॉक्स पण दिली. "मास्तर, तारखेच्या आधी एकदा वाचून घ्या. लिहिलंय ते सांगायचं, बस. दहा मिनिटांचं काम," असं म्हणून ते गेले. जाताना एक पँट ढिली करायला टाकून गेले.

झेरॉक्स मी वाचली. पंचांसमक्ष आरोपीनं सांगितलं की मोटार मी कडब्याच्या गंजीत लपवली आहे, चला, काढून देतो. मग आरोपी पुढं, पोलिस आणि पंच मागं, असे सगळे शिवारात चालत गेले, आणि आरोपीनं स्वतःच्या हातानं कडबा बाजूला करून मोटार काढून दिली. पाहून, वाचून, खात्री करून सही केली. खाली ती लांब रेघ आणि दोन टिंबं.

ही सगळी पोलिसांची केस त्या एका कागदावर उभी होती. चोरी करताना कुणी बघितलं नव्हतं. आरोपीनं पोलिसांपुढं दिलेली कबुली कोर्टात चालत नाही, हे तोवर मी शिकले होते. पण आरोपीच्या सांगण्यावरून वस्तू सापडली तर तेवढा भाग चालतो. आणि वस्तू खरंच तशी सापडली का, हे सांगणारा पोलिसांच्या बाहेरचा आता एकच माणूस जिवंत होता. तो माझ्यासमोर बसून गणवेशाची बाही लावत होता.

"बाबा, तुम्ही गेल्ते का शिवारात?"

"कवा?"

"ह्या मोटारीच्या वेळी."

"सही हाय ना माझी."

"सही दिसून राह्यली मला. तुम्ही गेल्ते का?"

बाबांनी दोरा तोंडानं तोडला. "लिहिलंय म्हंजी गेलो असंल."

"मोटारीचा रंग कोणता होता?"

"हिरवा असंल."

"असंल?"

"मंग निळा असंल. बाई, तू मला आरोपी करून राह्यली का?" बाबा मशीनवरून उठले. मला ते लहानपणापासून बाई म्हणतात, पण त्या दिवशीचा सूर वेगळा होता. "त्या माणसानं चोरी केली म्हणून पोलिसांनी धरला. उगंच कुणाला धरतेत का? म्या फक्त सही दिली. एवढी वर्षं देऊन राह्यलो, कुणाचं काय वाकडं झालं?"

मी पण उठले. माझा आवाज चढला की मला स्वतःलाच ऐकू येत नाही. मी म्हणाले, तुम्ही शपथ घेऊन खोटं बोलणार आणि मी काळा कोट घालून त्याच कोर्टात उभी राहणार, हे होणार नाही. असं झालं तर मी कॉलेज सोडते आणि आयुष्यभर काजं करते. रस्त्यापलीकडून एक शिपाई बघायला लागला, तेव्हा आईनं मागून येऊन दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं. "घरात वकिलीण आणली म्या," ती म्हणाली. "आता रोज तारीख."

दुसऱ्या दिवशी मी सरांना गाठलं. समजा एखादा शिंपी पंच असेल, असं म्हणून सुरुवात केली. सरांनी चष्म्यावरून बघितलं. त्यांना कळलं होतं. शिंप्याची ती गोष्ट मी कशी हसत ऐकली होती तेही आठवलं असणार, कारण ते जरा ओशाळले.

"साक्षीदाराला काय बोलायचं ते पढवायचं नाही," ते म्हणाले. "खोटं तर नाहीच, पण खरं सुद्धा पढवायचं नाही. तू त्याच्या तोंडात घातलेलं खरं हे तुझं असतं, त्याचं नसतं. उलटतपासात ते दोन मिनिटांत गळून पडतं. विचार हवं तितकं. सांगू नको."

"आणि त्यानं खोटंच सांगितलं तर?"

"तर तुला ते मागं बसून ऐकावं लागेल. वकिलाला ते पुष्कळदा करावं लागतं."

मला राग आला सरांचा. पण बसमध्ये बसल्यावर ठरवून टाकलं. सांगायचं नाही, हे माझ्यासारखीला उपास धरण्यापेक्षा कठीण. तरी ठरवलं म्हणजे ठरवलं. रोज एकदा विचारायचं, मोटारीचा रंग कोणता होता, आणि गप्प बसायचं.

परीक्षा पण तोंडावर आली होती. आमची बॅच नेमकी मधल्यात सापडलेली. फौजदारीचे जुने कायदे गेलेले, नवे आलेले, पण जुन्या गुन्ह्यांच्या केसेस जुन्याच कायद्यानं चालणार, म्हणून दोन्ही पाठ करायचे. गुन्ह्याची खबर म्हणजे एकशे चोपन्न, आता एकशे त्र्याहत्तर. साक्षीदाराचा पोलिसांपुढचा जबाब एकशे एकसष्ट, आता एकशे ऐंशी. चोरीची शिक्षा तीनशे एकोणऐंशी, आता तीनशे तीन. मी फर्म्याच्या खाकी कागदावर डाव्या बाजूला जुनी आणि उजव्या बाजूला नवी कलमं लिहून मशीनसमोरच्या भिंतीवर चिकटवली. पायानं मशीन चालवायची आणि तोंडानं कलमं. नव्या कायद्यात झडतीचं आणि जप्तीचं मोबाईलवर चित्रीकरण करावं लागतं, तेही मोठ्यानं म्हणायचे, बाबांच्या कानावर पडेल असं. ते शिकवणं नव्हतं. तो माझा अभ्यास होता, आणि अभ्यास मी माझ्या दुकानात कितीही मोठ्यानं करीन.

"रंग कोणता होता, बाबा?"

पहिल्या आठवड्यात ते चिडायचे. दुसऱ्या आठवड्यात म्हणाले, "लाल असंल, जा." नंतर नंतर उत्तरच द्यायचे नाहीत. एकदा मात्र कापता कापता कात्री थांबली आणि ते भिंतीकडं बघत उभे राहिले. मला वाटलं आता बोलतील. पण "आलपीन दे," एवढंच म्हणाले. तारखेच्या आधी दोन दिवस आमचं बोलणं पूर्ण बंद झालं. जमादारांची पँट ढिली करून, इस्त्री करून, पिशवीत घालून त्यांनी स्वतः चौकीत नेऊन दिली. मी समजले, ठरलं ह्यांचं.

तालुक्याच्या कोर्टात आम्ही सकाळीच पोचलो. बाबांनी स्वतः शिवलेला पांढरा शर्ट घातला होता. बसमध्ये वेगवेगळ्या सीटवर बसलो होतो, असं ठरवून नाही, जागाच तशी मिळाली, पण दोघांनाही ते बरं पडलं. त्यांना व्हरांड्यातल्या बाकावर बसवून मी बोर्डावर केसचा नंबर बघायला गेले आणि बाटली भरून घेतली. परत येते तर बाबा शेजारच्या माणसाशी गप्पा मारत होते.

चाळिशीचा, काटकुळा माणूस. मांडीवर कापडात बांधलेली भाकरी. बोटांच्या पेरात काळं तेल मुरलेलं. बाबांनी त्याच्या शर्टाची कॉलर दोन बोटांत धरली होती, जशी ते दुकानात आलेल्या प्रत्येकाची धरतात.

"फाटली न्हाई, नुस्ती घासली," बाबा त्याला सांगत होते. "ही उसवून पलटी करून घ्या. आतली बाजू बिलकुल नवी राह्यती. शर्ट अजून दोन वर्षं जाईल. आमच्याकडं आणा, अर्ध्या तासात करून देतो."

"कुठं हाय तुमचं दुकान?" त्या माणसानं विचारलं.

बाबांनी गावाचं नाव सांगितलं. "चौकीच्या बराबर समोर."

त्या माणसानं बाबांकडं नीट बघितलं. बराच वेळ बघितलं. मग त्यानं कॉलर हळूच सोडवून घेतली आणि मान खाली घातली. बाबांना काही उमगलं नाही. ते मला म्हणाले, "पाणी दे यांना पण." दोन दिवसांनी माझ्याशी बोललेलं ते पहिलं वाक्य. मी बाटली पुढं केली. तो माणूस पाणी प्यायला आणि "तीन वर्षं झाले तारखा करून राह्यलो," असं बाटलीकडं बघतच म्हणाला.

तेवढ्यात शिपायानं दारातून पुकारा केला. केसचा नंबर घेतला, आरोपीचं नाव घेतलं. आमच्या शेजारचा माणूस उठला, भाकरी बाकावर ठेवली, आणि आत जाऊन आरोपीच्या जागेवर उभा राहिला.

बाबा बसलेलेच राहिले. हात अजून कॉलर धरल्यासारखा वर होता. त्यांनी माझ्याकडं बघितलं. आयुष्यात मला त्या क्षणाइतकं बोलावंसं कधी वाटलं नाही. ओठ दाताखाली धरले आणि बाकावरची ती भाकरी उचलून पिशवीत ठेवली, मुंग्या लागू नयेत म्हणून.

"हा?" बाबा म्हणाले.

आतून त्यांचं नाव पुकारलं गेलं.

न्यायाधीश मॅडम माझ्यापेक्षा फार तर चार वर्षांनी मोठ्या असतील. मी मागच्या बाकावर बसले. बाबांनी सत्यप्रतिज्ञा घेतली. सरकारी वकिलांनी नाव, धंदा, पत्ता विचारला. पोलिसांनी पंच म्हणून बोलावलं होतं का, हो. पंचनाम्यावरची सही तुमची का, हो. दोन्ही उत्तरं चटकन आली. जमादार दाराजवळ उभे होते. त्यांच्या अंगावर तीच पँट होती, नीट बसलेली.

"कोर्टापुढं हजर असलेल्या आरोपीला ओळखता?"

"ओळखतो," बाबा म्हणाले.

संपलं, मला वाटलं. सरकारी वकील पुढचा प्रश्न बघायला कागदावर वाकले.

"आत्ता भाईर बाकावर वळख झाली," बाबा म्हणाले. "त्याच्या आधी म्या त्यांना कधी पाह्यलं न्हाई."

टाइप करणाऱ्या बाईंचे हात थांबले. सरकारी वकिलांनी मान वर केली. "नीट आठवा. आरोपी तुमच्यासमोर बोलला, तुम्ही शिवारात गेलात, त्यानं मोटार काढून दिली..."

"न्हाई साहेब. म्या शिवारात गेल्तोच न्हाई. मोटार पाह्यली न्हाई. सही दुकानात केली."

साक्षीदार फितूर झाला आहे, असं सांगून सरकारी वकिलांनी स्वतःच्याच साक्षीदाराचा उलटतपास घ्यायची परवानगी मागितली. फितूर. हा शब्द मी पुस्तकात अधोरेखित केला होता, परीक्षेला हमखास येणारा म्हणून. माझ्या बापाला कुणी तो लावेल असं तेव्हा मनात आलं नव्हतं. ऐकवलं नाही, आणि खोटं कशाला सांगू, अभिमान पण वाटला.

जमादारांनी पुढं येऊन सरकारी वकिलांच्या कानात काही सांगितलं. "तुमची मुलगी वकिलीला शिकते? आज इथं आहे?"

"हाय. ती मागं बसली."

"असं बोलायला तिनं सांगितलं?"

"न्हाई," बाबा म्हणाले. "तिनं काहीच सांगितलं न्हाई. ती महिनाभर मला एकच इचारून राह्यली, मोटारीचा रंग कोणता. मला आजपन सांगता येत न्हाई."

आरोपीची दया येऊन, लाच घेऊन खोटं बोलता का, वगैरे विचारून झालं. बाबा न्हाई म्हणत राहिले. मग मॅडमनी स्वतः विचारलं, रागानं नाही. "न बघता, न वाचता सही का केलीत?"

"मॅडम, चौकीत गेलो की मला खुर्ची देतात," बाबा म्हणाले. "माझ्या बापाला त्या जागेच्या पायरीवर चढू देत नव्हते. मला वाटायचं, हे आपल्याला इचारून राह्यले, हेच लई झालं. कागदात काय हाय ते इचारलं असतं तर पुन्हा बोलावलं नसतं. चूक माझीच हाय."

मॅडमनी ते ऐकलं आणि टाइप करणाऱ्या बाईंना सांगितलं, "पोलिसांच्या सांगण्यावरून मी दुकानात सही केली, मजकूर वाचला नव्हता." जबाबात एवढंच आलं. जबाबात एवढंच येतं, हे पण मी त्या दिवशी शिकले. बाकीचं मी इथं लिहिते आहे.

बाहेर आल्यावर जमादार आमच्याजवळून गेले, पण थांबले नाहीत. चौकीतले कपडे आता आमच्याकडं येणार नाहीत, हे आम्हा दोघांनाही न बोलता कळलं. आरोपी वकिलाशी बोलत उभा होता. मी त्याची भाकरी त्याला दिली. त्यानं बाबांकडं बघून हात जोडले नाहीत की काही नाही, नुसती मान हलवली. मला ते बरं वाटलं.

परतीच्या बसमध्ये जागा शेजारी मिळाली. केदारखेडा मागं पडलं. मग बाबा म्हणाले, "त्यानं खरंच चोरली असंल तर?"

हा प्रश्न मी स्वतःला रोज विचारला होता. त्यानं मोटार चोरली का नाही, मला आजही माहीत नाही. "चोरली असंल तर पोलिसांनी बराबर सिद्ध करावं," मी म्हणाले. "खरा पंच न्यावा, शिवारात न्यावा, मोटार दाखवावी. तुमच्या सहीनं नको."

बाबांनी मान डोलवली. पटलं होतं, पण ते तिथं थांबले नव्हते. बस उतार उतरून पुन्हा सपाटीला लागली.

"मंग याच्या आधीच्या सह्यांचं काय?" ते म्हणाले. "इतक्या वर्षांच्या. त्यांच्यातून कुणी आत गेलं असंल का?"

आता खोटं बोलणं फार सोपं होतं. पुस्तकात त्यासाठी लागतील तेवढी कारणं होती. नुसत्या पंचावर शिक्षा होत नाही, इतरही पुरावा लागतो, वरची कोर्टं असतात. महिनाभर ह्या माणसाकडून मी खरं मागत बसले होते आणि आज त्यानं ते भर कोर्टात दिलं होतं.

"गेलं असंल," मी म्हणाले.

बाबांनी समोरच्या सीटची दांडी धरली. त्यांच्या बोटांना शिवणाचे घट्टे आहेत, ते पांढरे पडले.

"शोधता येतं का ते?"

"येतं. कोर्टात रेकॉर्ड असतं. अर्ज करावा लागतो. कुणाचं अपील राहिलं असंल तर बघता येतं."

"त्याला वकील लागंल."

"लागंल."

"तुझं किती राह्यलं?"

"दीड वर्ष."

बाबा खिडकीतून बाहेर बघत राहिले. गाव जवळ आलं तसे उठून उभे राहिले, पिशवी खांद्याला लावली आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "जल्दी कर."